घाटाचं तेल

पसरणी घाटाच्या मध्यावर, एका अवघड वळणावर, गाडीतला लाल दिवा लुकलुकला आणि आईंचा अभंग अर्ध्यातच तुटला. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय साठीला टेकलेलं, पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि हात स्टिअरिंगवर. वळण त्यांनी तसंच पुरं केलं. मग कठड्याशेजारच्या मोकळ्या जागेत गाडी घेऊन त्यांनी इंजिन बंद केलं आणि मला म्हणाल्या, "वृषाली, मागच्या चाकाला दगड लाव. तेल उतरलंय."

मी दगड लावला. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन जरा निवू दिलं, मग तेल मोजायची पट्टी ओढून काढली आणि माझ्याच रुमालाला पुसून पुन्हा आत घातली. दुसऱ्यांदा बाहेर आली तेव्हा पट्टीच्या टोकाला जेमतेम ओल होती. आईंनी ती बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळली, पाणचट ताकाकडं बघावं तसं बघितलं आणि म्हणाल्या, "हे तेल नव्हे, कढण आहे. आजाऱ्याला पाजायचं."

खाली वाई दिसत होती. कृष्णेच्या काठावर कुठंतरी आमचं भजनी मंडळ टाळ कुटत बसलं असणार. आम्ही दोघीही तिथंच होतो. म्हणजे घरी तसं सांगितलं होतं.

याला आता वीसेक वर्षं झाली. माझं लग्न नवं होतं. नवरा, धनंजय, गुजरातेत एका कारखान्याच्या कामावर होता आणि महिन्याकाठी चार दिवस घरी यायचा. घरात मी, आई आणि सासरे. सासऱ्यांना सगळी वाई अण्णा म्हणायची. अण्णा एसटीत निरीक्षक होते. नव्या ड्रायव्हरांची परीक्षा घेण्यात आणि जुन्यांच्या चुका काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी एक वापरलेली छोटी पांढरी गाडी घेतली आणि उरलेला जन्म ते तिच्या चुका काढू लागले.

अण्णांची गाडी चाळिसाच्या वर जात नसे. रस्ता मोकळा असो, मागून ट्रक भोंगा वाजवत असो, अण्णा चाळीस. ब्रेक मारणं त्यांना अपमानासारखं वाटायचं. "ब्रेक मारला म्हणजे आधीचं पेट्रोल फुकट जाळलं," हे त्यांचं ब्रीदवाक्य. रविवारी सकाळी ते धोमला जाऊन यायचे आणि लिटरला किती गेली याचा हिशेब जेवताना सांगायचे. आई वाढता वाढता ऐकायच्या आणि चेहरा इतका भाविक ठेवायच्या की मला हसू आवरायला स्वयंपाकघरात जावं लागायचं.

माझ्याकडं परवाना होता. माहेरी असताना धाकट्या काकांच्या हट्टानं काढलेला. त्या जोरावर अण्णांनी मला मंगळवार-शुक्रवार आईंना भजनाला न्यायची परवानगी दिली. पहिल्याच मंगळवारी कॉलनीच्या कोपऱ्यावर गाडी माझ्या हातून पुन्हा पुन्हा बंद पडली. मागं रिक्षावाले ओरडायला लागले. आई शांतपणे म्हणाल्या, "खाली उतर जरा. इकडं बस. मी बघते."

"तुम्हाला येते?"

"थोडीशी," आई म्हणाल्या.

त्या थोडीशीमध्ये आम्ही भजनाचं ठिकाण मागं टाकलं, बाजार मागं टाकला, पसरणी गाव मागं टाकलं आणि घाट चढायला लागलो. आईंनी गाडी दुसऱ्या गिअरवर अशी काही ओढली की मी दोन्ही हातांनी सीट धरली. पाचगणीत एका टपरीवर आम्ही चहा घेतला. उतरताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, की त्यांच्या वडलांची भिलारला जीप होती, वडील बटाटे घेऊन वाईच्या बाजारात यायचे, येताना डुलक्या काढायचे आणि गाडी पोरीच्या हातात द्यायचे. "लग्नात मला काय काय येतं ते सांगताना बाबांनी हे तेवढं गाळलं," त्या म्हणाल्या. अण्णांना अजून ठाऊक नव्हतं. संसाराची पस्तीसेक वर्षं उलटली तरी नव्हतं.

मग तो आमचा नेमच झाला. आई निघताना डॅशबोर्डखाली हात घालून मीटरची केबल सैल करायच्या, म्हणजे किलोमीटरचा आकडा जागचा हलत नसे. जेवढं जळलं तेवढं पेट्रोल पाचगणीत भरून घ्यायचं. भजन कुठलं झालं हे घरी सांगता यावं म्हणून चालवताना त्या एखादा अभंग म्हणायच्याच. "खोटं बोललं असं नको व्हायला," असं त्यांचं म्हणणं.

आणि तेल? तेलाची गोष्ट खालच्या गॅरेजात घडली होती.

सातारा रस्त्यावर बापू अनपटचं गॅरेज होतं. बापू बोलका माणूस. स्वतःच्या गॅरेजवर आणि स्वतःच्या आवाजावर त्याचं सारखंच प्रेम. गाडी घेतल्यावर अण्णा पहिल्यांदा तेल बदलायला गेले तेव्हा मीही बरोबर होते. बापूनं विचारलं, गाडी कशी चालते, कुठं चालते. अण्णांनी सांगितलं, सपाटीला, चाळीसनं, गावातल्या गावात.

बापूनं दोन डबे पुढं ठेवले. एकावर दहा-तीस लिहिलेलं, दुसऱ्यावर वीस-पन्नास. तो समजावून सांगायला लागला, की पहिला आकडा गार असतानाचा आणि दुसरा तापल्यावरचा. दुसरा आकडा मोठा म्हणजे तेल तापलं तरी दाट राहतं. इंजिन जुनं आहे, आतले भाग झिजलेले असतात, त्याला दाट तेल बरं. अण्णांचं म्हणणं उलट. पातळ तेल म्हणजे इंजिनला ओझं कमी, ओझं कमी म्हणजे लिटरला चार पावलं जास्त. त्यांनी बापूला एसटीच्या डेपोत काय काय प्रयोग झाले ते सांगितलं. बापूनं त्याच्या मामाच्या ट्रकचं सांगितलं. दोघांचेही चहा निवले.

शेवटी बापू म्हणाला, "अण्णा, तुमच्यासारखा चालवणारा असल तर पातळ भरा, काय बिघडत नाय. पण उद्या ह्या गाडीनं घाटाचं तोंड जरी पाहिलं तरी हे तेल म्हंजे पैलवानाला मलमलचा लंगोट. मग मला बोलायचं नाय."

"ही गाडी घाटात जाणार नाही," अण्णा म्हणाले. ते इतक्या ठामपणे म्हणाले की बापूनं पातळ तेलाच्या डब्याचं सील तोडलं. मी गॅरेजातल्या टायरांकडं बघत राहिले.

त्या लाल दिव्याच्या दिवशी आई लगेच घाट उतरून खाली आल्या नाहीत. आधी तसंच हळूहळू, दम खात, पाचगणीला चढल्या, तिथं एका दुकानात वीस-पन्नासचा डबा घेतला आणि थोडं थोडं ओतत पट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंत तेल आणून सोडलं. उरलेला डबा घरी न्यायचा कसा? आईंनी तो गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात ओतला आणि कोठीच्या सगळ्यात खालच्या फळीवर, पापडांच्या मागं ठेवून दिला. पुढं एका शनिवारी मी भजी तळायला तोच डबा काढला होता. झाकण उघडल्यावर वास आला म्हणून निभावलं.

दर आठवड्याला घाटात थोडं तेल जळायचं आणि दर आठवड्याला आई ते भरायच्या. रविवारी सकाळी अण्णा विधी असल्यासारखी पट्टी काढायचे. तेल तिथल्या तिथं. अण्णांना गगन ठेंगणं झालं. जुन्या इंजिनात महिनोन् महिने थेंबभरही तेल घटत नाही, याचं श्रेय त्यांनी निम्मं पातळ तेलाला आणि निम्मं स्वतःच्या चाळीसला दिलं. कॉलनीत ज्याच्याकडं गाडी होती त्याला त्यांनी अंगणात बोलावून पट्टी दाखवली. एसटीतून निवृत्त झालेल्या मंडळींची महिन्याकाठी एक बैठक असायची, तिथं त्यांनी यावर भाषण केलं. दोघा-तिघांनी बापूकडं जाऊन पातळ तेल भरूनही घेतलं. आई प्रत्येक वेळी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असायच्या आणि "यांचं बाई सगळं शास्त्रशुद्ध" असं म्हणून आत यायच्या.

असंच चाललं असतं. पण एका रविवारी अण्णांनी पट्टी पुसली नाही. पुसायच्या आधी ते तेल त्यांनी बोटावर घेऊन चोळलं. मग पुन्हा चोळलं. मग चष्मा लावून उजेडात धरलं. तेल काळंभोर होतं आणि मधासारखं दाट.

इंजिनाच्या बाबतीत अण्णा साधे नव्हते. हे आपण भरलेलं तेल नाही, हे त्यांनी जागच्या जागी ओळखलं. आणि गाडी तर त्यांच्या हिशेबानं वाईबाहेर गेलीच नव्हती. मग राहिलं काय? बापूनं पातळ तेलाच्या डब्यातून दुसरंच काहीतरी स्वस्तातलं, वापरून गाळलेलं तेल घातलं. दुसरा अर्थच निघत नव्हता.

ते तडक गॅरेजवर गेले. तिथं काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. बापू आधी हसला, मग चिडला, मग त्यानं देवाची शपथ घेतली. सील तुमच्यासमोर तोडलं होतं, असं तो परत परत सांगत होता. अण्णांनी त्याला सांगितलं, की सीलचे धंदे मला डेपोत बसून सगळे पाठ आहेत. तिथून तसंच साताऱ्याला जाऊन त्यांनी स्वतः सीलबंद डबा आणला, दुसऱ्या एका मिस्त्रीकडून जुनं तेल काढून ते नवं पातळ तेल भरून घेतलं आणि घरी जाहीर केलं, की येत्या रविवारच्या बैठकीत बापूचं प्रकरण सगळ्यांसमोर मांडायचं. कॉलनीतली एकही गाडी पुन्हा त्याच्याकडं जाता कामा नये.

आठवड्याच्या मधेच बापू आमच्या दारात आला. अण्णा बाहेर गेले होते. नेहमी आवाजानं अंगण भरून टाकणारा माणूस पायरीशी उभा राहून हळू बोलत होता. दोघांनी गाड्या परत नेल्या होत्या. बाजारात एकानं त्याला भेसळवाला म्हणून हाक मारली होती. "वैनी," तो आईंना म्हणाला, "माझ्या कामात चूक निघंल, नाय कशाला म्हणू. पण तेलात मी कधी पाणी मिसळलं नाय. तुम्ही तेवढं अण्णास्नी समजावा."

आईंनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. गेला.

त्या दुपारी कोठीत आम्ही दोघी बसलो होतो. मध्ये तो गोडेतेलाचा डबा. मी सुचवलं, की मी माझ्यावर घेते. म्हणते, मीच घाटात गेले, मीच तेल भरलं.

"तुझ्यावर कोण विश्वास ठेवील?" आई म्हणाल्या. "तुला फाटकातून गाडी उलटी काढता येत नाही. ते बघतात की खिडकीतून."

खरं होतं. मग मी म्हटलं, तुम्हीच सांगून टाका. रागावतील, चार दिवस अबोला धरतील, संपलं.

आईंनी डब्याचं झाकण उघडून पुन्हा बसवलं. "गाडी चालवते हे सांगायला मी घाबरत नाही गं. ते सांगता येईल. पण कुठं चालवते तेही सांगावं लागेल. त्यांच्यापुढं घाटाचं नाव काढायचं नाही, असं मी फार वर्षांपूर्वी ठरवलंय."

का, ते मी विचारलं. त्यांनी मला पापड वाळत घालायला पाठवलं.

रविवार उजाडला. बैठक संध्याकाळी होती. अण्णा आंघोळ करून, मुद्दे जुळवत ओसरीवर येतात तो अंगणात भोंगा वाजला. आई ड्रायव्हरच्या जागेवर बसलेल्या. मला त्यांनी आधीच मागं बसवलं होतं.

"हे काय?" अण्णांनी विचारलं.

"बसा," आई म्हणाल्या. "बापूचं तेल बघायचंय ना तुम्हाला. दाखवते."

अण्णांना ती थट्टा वाटली. थट्टेला साथ द्यायची म्हणून ते हसत हसत शेजारी बसले. आईंनी मान न वळवता, नुसत्या आरशात बघून, गाडी एका दमात आमच्या अरुंद फाटकातून उलटी बाहेर काढली. अण्णांचं हसू फाटकातच राहिलं.

बाजार मागं पडला. मला वाटलं, आता संतापाचा स्फोट होणार. पण ते आईंकडं बघत नव्हते, रस्त्याकडं बघत होते. पसरणी गाव गेलं. घाटाची पहिली चढण दिसायला लागली तसं त्यांनी दाराची मूठ धरली. आईंनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"तुम्ही नको म्हणालात तर इथूनच वळते," त्या म्हणाल्या. "तेलाचं काय ते इथंच सांगते. वर गेलंच पाहिजे असं नाही."

मला मागून अण्णांचा हात दिसत होता. मुठीवरची बोटं पांढरी पडली होती. मानेवर घाम होता, आणि सकाळची वेळ होती. ज्या माणसाला मी कशालाच घाबरताना पाहिलं नव्हतं, तो माणूस समोरच्या काळ्या रस्त्याकडं बघून घाबरला होता.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं. गाडीबद्दल नव्हे, हे मलाही कळलं.

"पहिल्या दिवाळीपासून," आई म्हणाल्या.

नोकरीच्या सुरुवातीला, लग्नाच्या थोडं आधी, कुठल्याशा घाटात एक ट्रक दरीत गेला होता. अण्णा जवळच होते म्हणून दोराला धरून खाली उतरले होते. खाली त्यांनी जे पाहिलं ते कधी कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर त्यांनी घाटातला डेपो कधी घेतला नाही. बढती नाकारली, फलटण-बारामतीकडची सपाटी मागून घेतली. सासुरवाडी भिलारला, घाटाच्या वर. लग्न तेवढं खाली वाईत लागलं होतं. दर दिवाळीला, दर लग्नकार्याला अण्णांना नेमकी ड्युटी लागायची. आई पोराला काखेत मारून एकट्या एसटीनं माहेरी जायच्या आणि भावजयांच्या चेष्टा ऐकून एकट्या परत यायच्या. खरं कारण त्यांना अण्णांच्या एका सहकाऱ्याच्या बायकोकडून कळलं. त्यांनी अण्णांना विचारलं नाही आणि माहेरी सांगितलं नाही. हे सारं मला त्यांनी त्याच दिवशी नंतर सांगितलं.

गाडी कडेला उभी होती. एक एसटी आमच्या शेजारून घरघरत वर गेली. अण्णांनी सवयीनं तिच्याकडं पाहिलं. ती वळणाआड जाईपर्यंत पाहिलं.

"चल," ते म्हणाले.

"डोळे मिटू नका," आई म्हणाल्या. "दरीकडं बघू नका. इंजिन ऐका नुसतं. जन्मभर दुसऱ्यांची ऐकलीत, आज आपलं ऐका."

त्या चढायला लागल्या. नेहमीसारख्या ओढत नव्हत्या, पण चाळीसनंही नव्हत्या. पहिल्या वळणावर अण्णांनी श्वास रोखला. दुसऱ्या वळणावर त्यांच्या तोंडून नुसता हुंकार निघाला. तिसऱ्या की चौथ्या वळणावर आईंनी दोनदा क्लच दाबून गिअर खाली टाकला आणि अण्णांची मान एकदम त्यांच्या पायांकडं वळली.

"डबल क्लच मारतेस?"

"हं."

"या गाडीला त्याची गरज नसते."

"माहितेय. सवय आहे."

"कसली सवय?"

मग आईंनी जिपेचं सांगितलं. बटाट्याचं, वडलांच्या डुलक्यांचं, सगळं. वळणं घेत घेत, अधूनमधून भोंगा वाजवत सांगितलं. अण्णा ऐकत होते, पण अर्धं लक्ष इंजिनाकडं होतं. पुढच्या चढावर ते म्हणाले, गिअर उशिरा टाकलास. आई म्हणाल्या, वेळेवर टाकला. अण्णा म्हणाले, इंजिन कण्हलं. आई म्हणाल्या, ते कण्हत नाही, दम घेतं. त्यावर दोघांचं जे जुंपलं ते घाटमाथा येईपर्यंत. मुठीवरचा हात कधी सुटला ते अण्णांनाही कळलं नसावं, कारण त्याच हाताची बोटं नाचवून ते वळणाचा कोन समजावत होते.

वर पोचल्यावर आईंनी गाडी सावलीत उभी केली, पण इंजिन चालूच ठेवलं. "आता तिकडं बघा," त्या म्हणाल्या.

डॅशबोर्डवर लाल दिवा फडफडत होता. पाय पेट्रोलवर दाबला की विझायचा, सोडला की पुन्हा लागायचा.

"हे बापूचं तेल नाही," आई म्हणाल्या. "तुम्ही साताऱ्याहून आणलेलं आहे. सील तुम्ही तोडलंत. सपाटीला ते बरं चालतं. घाटात तापून त्याचं पाणी होतं आणि या म्हाताऱ्या इंजिनात त्याला जोरच उरत नाही."

त्यांनी इंजिन बंद केलं, डिकी उघडली आणि गोडेतेलाचा डबा आणून अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी बोट बुडवलं. चोळलं. बराच वेळ चोळत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. सगळे रविवार, सगळ्या पट्ट्या एकेक करून त्यांच्या डोळ्यांपुढून जात असाव्यात.

"म्हणजे तेल घटत नव्हतं ते…" ते म्हणाले.

"मी भरत होते."

"आणि मी कॉलनीभर सांगत हिंडलो. बैठकीत बोललो."

"छान बोललात म्हणे."

"तुम्ही दोघी ऐकत होतात."

"चहा देत होतो," आई म्हणाल्या.

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी डब्याचं झाकण शोधायला लागले. मग त्यांच्या पोटातून एक आवाज आला. मला आधी वाटलं त्यांना भोवळ येतेय. पण ते हसत होते. कठड्यावर बसून, तेलाचा हात स्वतःच्या पांढऱ्या लेंग्याला पुसत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. हसणं ओसरल्यावर ते तिथंच बसून राहिले. दरी त्यांच्या पाठीशी होती. त्यांनी एकदाच, अर्धवट, खांद्यावरून मागं वळून पाहिलं आणि पुन्हा समोर पाहिलं.  आईंनी टपरीवरून चहा सांगितला.

उतरताना आईंनी गाडी गिअरवर सोडली, ब्रेक फारसा लावला नाही. अण्णांनी त्याबद्दल चांगला शब्द काढला. मग लगेच एक चूकही काढली.

संध्याकाळी ते बैठकीला गेले आणि बापूला बरोबर घेऊन गेले. तिथं उभं राहून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की बापूचं तेल चोख होतं, संशय माझा खोटा होता आणि तेल न घटण्याबद्दल मी आजवर जे बोललो तेही विसरून जा. एकानं विचारलं, मग तेल दाट झालं कशानं. अण्णा म्हणाले, "गाडी घाटात जात होती, वरून दाट तेल भरलं जात होतं. मला माहीत नव्हतं." कोण नेत होतं, असं दुसऱ्यानं विचारलं. अण्णांनी सांगितलं, "आमच्या घरातला ड्रायव्हर. माझ्यापेक्षा बरा आहे." लोकांना तो धनंजय वाटला. बापूला मात्र काय ते कळलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी गाडी आणली तेव्हा त्यानं डबा न विचारताच वीस-पन्नासचा काढला आणि अण्णांकडं न बघता आईंना विचारलं, "वैनी, वळणावर दिवा लागायचा का वर गेल्यावर?" आईंनी त्याला सगळं नीट सांगितलं. बापू त्यावर अर्धा तास बोलला, आणि अण्णांनी त्याला बोलू दिलं.

पुढच्या रविवारी अण्णा धोमला गेले नाहीत. नवा सदरा घालून ते अंगणात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "भिलारला जायचंय ना?" कुणीच तसं म्हटलं नव्हतं. आईंनी किल्ली घेतली.

घाटात त्या दिवशीही दोन-तीनदा त्यांचा हात मुठीकडं गेला. भीती अशी एका फेरीत जात नसते. पण दिवा लागला नाही, आणि त्यांनी तोंड बंद ठेवलं नाही. पाचगणी मागं टाकून आम्ही भिलारच्या रस्त्याला लागलो. आईंच्या माहेरच्या दारात गाडी थांबली तेव्हा त्यांच्या थोरल्या भावजय, गोदावहिनी, अंगणात शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी आधी ड्रायव्हरच्या जागेवरून उतरणाऱ्या आईंना पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं उतरणाऱ्या अण्णांना पाहिलं. सूप खाली ठेवलं. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. जावई पहिल्यांदा दारात आल्यावर ओतायचं ते पाणी त्यांनी अण्णांच्या पायांवर ओतलं, आणि सगळ्या जन्माची फेड करावी तशा सावकाश म्हणाल्या, "या जावईबापू. सुटली म्हणायची एकदाची ड्युटी."

अण्णांनी ओले पाय झटकले.

"सुटली नाही, वहिनी," ते म्हणाले. "बदली झाली. डाव्या सीटवर."